खाचेतला तांदूळ

"एवढं तूप पाजतं का कोणी ह्याला? लेकराच्या टाळूवर बी इतकं थापत न्हाईत."

आमचे हे पुटपुटले. माझ्याशी नव्हे, हातातल्या पिस्तुलाशी. पण त्यांचं तोंड माझ्या कानापासून वीतभर लांब होतं. पिस्तूल त्यांनी धरलेलं, पेचकस मी, आणि पेच काही केल्या हलत नव्हता.

"तूप न्हाई, तेल असंल," मी म्हणाले.

"तूप हाय. वास घेऊन पाहा. जुनं, खवट."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून दुकान असंच चालतं. ते कान आणि नाक, मी डोळे. त्यांच्या वडलांनी हिंगोलीच्या छावणीत बंदुका दुरुस्त केल्या. छावणी उठली तेव्हा हत्यारं घेऊन ते बाजारात येऊन बसले. त्यांच्या हाताखाली आमचे ग्यानबा मिस्त्री तयार झाले आणि मिस्त्रींच्या हाताखाली मी. लग्न ठरलं तेव्हा मला चूल दाखवली होती, कानस कोणी दाखवली नव्हती. गिऱ्हाईक समोर असलं की हे कानस हातात घेऊन बसतात आणि मी नुसता दिवा धरल्यासारखं करते. काम कोण करतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. बोलत कोणी नाही. बंदूक बाईनं दुरुस्त केली म्हटलं तर वाघ हसेल अशी भीती असावी.

हे पिस्तूल तीन दिवसांपूर्वी शिरड शहापूरहून आलं होतं. एकेचाळीस सालचा कार्तिक चालू होता.

बैलांच्या दमणीतून दोघं उतरले. किसनराव पाटील, चाळिशीच्या आतलेच, पण दाढी वाढून पांढरी दिसत होती. आणि त्यांची आई पार्वतीबाई. पिस्तूल लाल खणात गुंडाळून म्हातारीनं मांडीवर घेतलं होतं, तसंच ती ते दोन्ही हातांनी आत घेऊन आली. सहा खाण्यांचं विलायती रिव्हॉल्वर. किसनरावांच्या वडलांनी, थोरल्या पाटलांनी हौसेनं घेतलेलं, कचेरीच्या परवान्याचं.

"दसऱ्याला आपोआप सुटलं," किसनराव म्हणाले.

"आपोआप सुटलं," पार्वतीबाई म्हणाल्या.

आम्हाला आधीच कळलं होतं. अशी गोष्ट शिरडहून हिंगोलीला यायला दमणी लागत नाही. धाकटा भाऊ उत्तमराव ओसरीवर पटका बांधत उभा होता. सीमोल्लंघनाला निघायची घाई होती, सीमेवर बार काढायचा म्हणून काडतुसं भरलेली होती. पिस्तूल किसनरावांच्या हातात. गोळी उत्तमरावांच्या छातीत गेली. पोलिसांच्या अमीन साहेबांनी पंचनामा केला, किसनरावांची आणि त्यांच्या आईची जबानी घेतली, अपघात म्हणून लिहिलं आणि सांगितलं, दुरुस्त झाल्याशिवाय हत्यार घरात ठेवायचं नाही.

"चापावर बोट व्हतं?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई मिस्त्री. नागनाथाची आण. बोट न्हवतं."

किसनराव सरळ बोलले. खोटं बोलणाऱ्याचा आवाज ह्यांना लगेच कळतो, गिऱ्हाईकांच्या बाबतीत तरी. ह्यांनी मान हलवली. मग पुढचा प्रश्न त्यांच्या ओठावर आला. मला दिसला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"प्या पाटील. लांबून आलात."

तो प्रश्न पाण्याबरोबर खाली गेला. कोणाच्या घशात गेला ते सांगता येत नाही.

पार्वतीबाई मग माझ्याजवळ सरकून बसल्या. "मनकर्णा माहेरी गेली, पुसेगावला," त्या म्हणाल्या. "उत्तमची बायको. दोन वर्सांची नात हाय माझी, ती बी गेली. घर खायला उठतं, बाई. तिचा भाऊ म्हणतो, मिस्त्रीनं सांगितलं की ते आपोआप सुटतं, तर पाठवतो. न्हाई तर बहिणीला सख्ख्या भावाच्या मारेकऱ्याच्या घरात काहून ठेवू?" शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या. तरी दाराशी उभे असलेले किसनराव बाहेर बैलांकडं गेले.

"ती सवता येणार हाय ऐकायला. बाजाराच्या दिवशी."

"येऊ द्या," मी म्हणाले.

"पूजा बी बराबर झाली व्हती," जाता जाता त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. "खंडेनवमीला. तीस वर्सं म्या केली. आता म्या अशी, किसनची बायको वारली, घरात सवाष्ण म्हणून मनकर्णा एकटी. तिनंच केली औंदा. म्या सांगितलं, हात आखडू नको. हळद घाल, कुंकू घाल, तुपानं माख. हत्यार हाय, देव हाय."

दमणी गेली. खण तेवढा राहिला.

पिस्तूल उघडण्याआधी आम्ही ते पाहिलं. पाहिलं म्हणजे मी पाहिलं, त्यांनी ऐकलं.

ह्याची बनावट जुनी. मागं जी वाकडी मान असते तो घोडा. तो अंगठ्यानं मागं ओढायचा. ओढला की त्याच्या पोटातल्या खाचेत चापाचं टोक अडकतं, त्याला आम्ही नख म्हणतो. नख अडकलं की घोडा उभा राहतो. बोटानं चाप दाबला की नख सुटतं, घोडा पुढं आपटतो आणि काडतूस पेटतं. काही पिस्तुलांत नुसत्या चापानं घोडा उठतो. ह्यात उठत नाही, हात लागतोच. ती खाच तांदळाएवढीही खोल नसते. माणूस तिच्या भरवशावर हत्यार हातात घेतो.

काडतुसं नव्हतीच. घोड्यापुढं चामड्याचा तुकडा ठेवला, आपटून मोडू नये म्हणून, आणि मी अंगठ्यानं घोडा मागं ओढला.

कट्‌-कट्‌.

दोन आवाज होतात. पहिला काडतुसांचं चाक फिरून जागी बसल्याचा, दुसरा नख अडकल्याचा. ह्यांनी कान तिरका केला. "दुसरा बोदा येऊन राहिला. बराबर बसत न्हाई ते."

लाकडी हातोडीच्या दांड्यानं त्यांनी पिस्तुलाच्या पाठीवर टिचक्या मारल्या. तिसऱ्या टिचकीला घोडा पडला. खट्‌. चापाला कोणी हात लावला नव्हता.

पुन्हा उभा केला आणि फळीवर ठेवून दिला. मी दार लावलं, तर पडला. पुन्हा उभा केला. अकराची गाडी आली. स्टेशन आमच्या पाठीमागंच, गाडी आली की मांडणीवरची भांडी एकमेकींना सांगतात. घोडा पडला नाही. मला हायसं वाटलं. का ते ठाऊक नाही.

भर दुपारी आम्ही जेवायला बसलो. रस्ता ओस. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं, कुत्रं सावलीत मेल्यासारखं पडलेलं. ह्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

खट्‌.

"कोण आलं?"

"कोणी न्हाई."

"मंग दार कोणी वाजवलं?"

"दार न्हाई वाजलं. ते पडलं."

ह्यांनी तुकडा ताटात ठेवला. "जेवून घ्या," मी म्हणाले. आम्ही जेवलो. आमटीत मीठ घालायचं राहिलं होतं. दोघांनाही ते संध्याकाळी कळलं.

पेच शेवटी निघाला, घासलेट पाजून. बाजूची पाटी मी उचलली आणि पिस्तुलाच्या पोटातून देवघराचा वास आला. खरंच सांगते. खवट तूप, हळद, कापूर. पस्तीस-चाळीस हत्यारं उघडली असतील मी, सगळ्यांच्या पोटात तेल आणि दारूची काजळी. ह्याच्या पोटात नैवेद्य होता.

"काय दिसून राहिलं?" हे म्हणाले.

"थर हायेत. खाली काळा, त्याच्यावर तपकिरी, त्याच्यावर लाल."

"तीस वर्सांचे."

"अन् तांदूळ."

"अक्षदा," हे म्हणाले.

मी सुईनं एकेक दाणा काढला. सात निघाले, तूप पिऊन काळे पडलेले, म्हाताऱ्याच्या दातांसारखे. घोडा मागं येतो तिथं फट असते, तिच्यातून ते आत पडले असावेत, चार-पाच वर्षांत एखादा. ते सातही कोपऱ्यात चिकटून बसले होते. कोणाच्या वाटेत नव्हते.

आठवा मात्र खाचेत होता. अक्षदा मोडक्या वाहत नाहीत, हा आत जाऊन मोडला होता. टोक तेवढं खाचेच्या तळाशी ठोकून बसलेलं. त्याच्यामुळं नख आत जायचंच नाही. काठावर केसभर टेकायचं. हत्याराला भिंग लावून मी तेच पाहत होते. केसभर. उत्तमराव त्या केसाच्या पुढं उभे राहून पटका बांधत होते.

"त्याचा रंग कोणता हाय?"

"कोणाचा?"

"खाचेतल्याचा."

मी सुई चिंधीला पुसू लागले.

"शालू, रंग कोणता?"

"पिवळा."

"पिवळा म्हंजे ह्या सालचा. जुना असता तर काळा पडला असता."

"तुमाला दिसत न्हाई ना? मंग बोलता काहून?"

असं मी त्यांना कधी बोलत नाही. त्यांनी राग धरला नाही. मी तो पिवळा तुकडा पेचांच्या डबीत टाकला आणि झाकण लावलं. एकोणीस-वीस वर्षांची ती पोरगी. सासूनं सांगितलं हात आखडू नको, तिनं आखडला नाही.

सगळे भाग सोडवून मी परातीत घासलेटमध्ये घातले. घोडा, चाप, चापाला मागून रेटणारी कमान, चाक, पेच. परात खिडकीखाली ठेवली. फळीवर पिस्तुलाचा नुसता सांगाडा राहिला.

दुपारी मी पाठीमागं मिरच्या पसरत होते.

कट्‌-कट्‌.

मी आत आले. परातीत भाग होते तसेच, एकमेकांपासून लांब, घासलेटवर लाल तवंग आलेला. हे भिंतीला टेकून बसले होते, मान तिरकी करून.

"उंदीर," हे म्हणाले.

"व्हय, उंदीर."

आमच्याकडं मांजर आहे. चार वर्षांत उंदीर पाहिलेला नाही. मांजर दाराच्या उंबऱ्यावर बसलं होतं, आत येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. तेव्हा मी आतच होते, सांगाड्यातली काजळी चिंधीनं पुसत होते. आवाज परातीतून आला नाही, सांगाड्यातूनही आला नाही. खोलीतून आला. आधी एक, मग दुसरा. आणि दुसरा बोदा नव्हता, चांगला ठणठणीत होता. त्यानंतर खट्‌ ऐकू येईल म्हणून मी श्वास धरून उभी राहिले. ते काही आलं नाही. घोडा उभा करून कोणी तरी तसंच थांबलं होतं.

"आजचे उंदीर वेळेवर आले," मी म्हणाले.

हे हसले नाहीत. "लौकर कर," म्हणाले. "हे हत्यार घरातून जाऊ दे."

घाईनं होणारं काम नव्हतं. दाणा काढल्यावर भागेल असं मला वाटलं होतं. भिंगाखाली धरलं तर खाचेचा काठ गोल झालेला. इतक्या वर्षांच्या वापरानं नखाचं टोकही झिजलेलं. तसंच जोडलं असतं तर महिना-दोन महिने राहिलं असतं आणि मग पुन्हा कोणाच्या तरी हातात सुटलं असतं. तेलाचा बारीक दगड घेतला. तीन हात फिरवायचे, पुसायचं, भिंग लावायचं. पुन्हा तीन हात. काठ कोरा पाहिजे आणि कोन तोच राहिला पाहिजे. एक हात जास्त पडला तर घोडा कामातून गेला. आधी खाच, मग नख. हे शेजारी बसून दगडाचा आवाज ऐकत होते. "आता खर्र म्हणून राहिला. थांब. बोट फिरव. बस, बस. पुरे."

चापामागची कमानही बदलली. घड्याळाच्या जुन्या पट्टीतून कापून, तापवून, तेलात विझवून केली. थकलेली होतीच ती. एवढं तरी खरं होतं.

जोडून झालं तेव्हा बाजाराला एक दिवस उरला होता. मी घोडा ओढला. कट्‌-कट्‌. दुसरा आवाज आता स्वच्छ आला. दुपारचा यायचा तसा.

हातोडीच्या टिचक्या मारल्या. गोधडीवर आपटून पाहिलं. दार तीनदा आदळलं, शेजारीण विचारायला आली, भांडण झालं का म्हणून. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. रात्रभर उभा ठेवला. सकाळी उभाच होता. चाप दाबला तेव्हा पडला, दाबल्याशिवाय नाही.

"काय सांगायचं त्यांना?" ह्यांनी विचारलं. मी भाकरी थापत होते.

"कमान थकली व्हती म्हणून सांगा. दाण्याचं नाव काढू नका. त्या पोरीनं काय जीव द्यायचा का?"

"बोट न लावता पडत व्हता, हे तर खरं हाय."

"हाय ना. तेवढंच सांगा. नात घरी येईल म्हातारीची."

"पडत व्हता," हे पुन्हा म्हणाले. "पण शालू, आधी तो..."

"भाकर वाढू का अजून?"

त्यांनी ताट पुढं केलं. जे पडतं ते आधी कोणी तरी उभं केलेलं असतं, हे कळायला मिस्त्री व्हावं लागत नाही. किसनरावांना ते ठाऊक होतं. त्यांच्या आईला ठाऊक होतं. अमीन साहेबांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तांब्या पुढं करणारी मी, मलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून ती गोष्ट फडताळात ठेवल्यासारखी ठेवली होती, आणि दुपारी ती आतून दार वाजवत होती.

बाजाराच्या दिवशी बाराच्या सुमाराला तिघं आले. किसनराव आणि पार्वतीबाई शिरडहून, मनकर्णा पुसेगावहून. तिच्या भावानं तिला दारापर्यंत सोडलं आणि बैल पाजायला तो हौदावर गेला.

मनकर्णा बारकी, सावळी. कपाळ कोरं. आत आल्या आल्या तिनं पदर पुढं ओढला, किसनरावांच्या बाजूनं. नवऱ्याचा थोरला भाऊ, भासरा. आमच्याकडं भासऱ्याशी सून बोलत नाही, भासरा सुनेचं नाव घेत नाही. एका घरात जन्म काढतात आणि एकमेकांना निरोप सासूच्या तोंडून जातात. किसनराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ती त्यांच्याकडं पाठ करून बसली.

फळीवर लाल खण पसरून मी पिस्तूल ठेवलं होतं.

ह्यांनी घसा साफ केला. "पडत व्हतं ते. चापाला बोट न लावता पडत व्हतं. शालूनं डोळ्यांनी पाहिलं, म्या कानांनी ऐकलं. कुठं बी सांगायला तयार हाय."

पार्वतीबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "ऐकलंस ना, माय? आता चल. तुझं लेकरू वाट पाहत असंल, पुसेगावहून घेऊ अन् तसंच घरी जाऊ."

"कशानं पडत व्हतं?" मनकर्णानं विचारलं.

"कमान थकली व्हती," हे म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमी सांगा. काम तुमी करता. पुसेगावात बी ठाऊक हाय."

इतक्या वर्षांत कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. ह्यांनी हातातली कानस खाली ठेवली. दिवसाढवळ्या मी हातात दिवा घेऊन बसले होते, तोही न पेटवलेला. तो मी बाजूला सारला.

"घाण बसली व्हती आत," मी म्हणाले. "जुनं तूप. हळद."

"अन्?"

"अन् काय. वर्सानुवर्सं साचतं."

माझा हात पेचांच्या डबीवर होता. तो तिथं कधी गेला ते मला कळलं नाही, तिला कळलं. तिनं डबी माझ्या हाताखालून काढून घेतली. जोरानं नव्हे, लेकराच्या मुठीतून काही काढावं तशी. झाकण उघडलं. पेचांमध्ये तो पिवळा तुकडा पडला होता.

तिनं तो बोटाच्या टोकावर घेतला.

"अक्षदा हाय," ती म्हणाली. "ह्या सालची."

"तुझी न्हाई ती!" पार्वतीबाई इतक्या ओरडल्या की बाहेर बैलांनी माना वर केल्या. "माझी हाय. तीस वर्सं म्या वाहिल्या. तुला म्याच सांगितलं हात आखडू नको. तुझा काय संबंध? माझ्या हातानं माझं लेकरू गेलं. बाई, सांगा तिला. मिस्त्री, सांगा ना."

मनकर्णा रडली नाही. तिनं दाणा पुन्हा डबीत ठेवला, झाकण लावलं.

"कसं पडत व्हतं ते दाखवा."

"आता पडत न्हाई, पोरी. दुरुस्त झालं."

"मंग उभं करून तरी दाखवा. म्या कधी पाहिलं न्हाई. पुजलं तेवढं."

नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. चाक रिकामं आहे हे मी तिला दाखवलं, पिस्तूल भिंतीकडं केलं आणि अंगठा घोड्यावर ठेवला. तो मागं येताना मला इतका जड कधी लागला नव्हता.

कट्‌-कट्‌.

मनकर्णाचा पदर कपाळावरून मागं सरकला. तिनं तो सावरला नाही.

"हाच," ती म्हणाली.

"काय, माय?" पार्वतीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"म्या आत निरंजन लावून राहिले व्हते, ओवाळायला. हा आवाज आला. मंग ते हसले. मंग थोडा वेळ काहीच न्हाई. मंग बार झाला." ती माझ्याशीच बोलत होती. "पुसेगावात दुपारचा रोज येतो. माय वावरात असते, भाऊ वावरात असतो, लेकरू निजलेलं असतं. घरात कोणी न्हाई अन् हा आवाज. मला वाटलं, म्या भ्रमले. कोणाला सांगितलं न्हाई."

हे माझ्या बाजूला बसले होते. त्यांचा हात चाचपडत माझ्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला.

"हा कशाचा आवाज हाय, बाई?"

मी पिस्तूल खणावर ठेवलं. घोडा उभाच होता. त्याला खाली उतरवायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

"सांगा ना. पडायच्या आधी हा येतो. हा आपोआप येतो का?"

पार्वतीबाई बोलू लागल्या. अक्षदा, तूप, तीस वर्षं, माझंच पाप. तेच शब्द पुन्हा पुन्हा, थांबलं तर दुसरं काही ऐकू येईल अशा घाईनं. तेवढ्यात पाठीमागून मालगाडी आली. भांडी थरथरली, फळी थरथरली, डबीतले पेच वाजले. सगळ्यांचे डोळे घोड्यावर. किसनराव उंबऱ्याबाहेरून तिकडंच पाहत होते, त्यांचे ओठ हलत होते. पड म्हणत होते ते त्याला. एकदा पड. आमच्या देखत, कोणाचा हात न लागता.

गाडी लांब गेली. घोडा उभा होता. माझं काम चांगलं झालं होतं.

पार्वतीबाई बोलत होत्या. "...माझीच अक्षदा, किसनचा काय दोष, त्यानं बोट बी लावलं न्हाई, अमीन साहेबांनी सवता लिहिलं..."

"माय, बस कर," किसनराव म्हणाले.

ते उंबरा ओलांडून आत आले. जोडे पायातच राहिले होते. आईला वळसा घालून ते मनकर्णाच्या समोर आले आणि खाली बसले, पटका काढून जमिनीवर ठेवला. ती मागं सरकली नाही, तिनं तोंडही फिरवलं नाही. भासरा सुनेच्या तोंडाकडं सरळ पाहत होता. पार्वतीबाईंचा हात तोंडावर गेला.

"तो म्हणला, दादा, पिस्तूल मला दे, तुला निशाण लागत न्हाई. हसून म्हणला. सालभर तेच म्हणून राहिला व्हता, चार लोकांत म्हणायचा. मला राग आला. मारायचं न्हवतं. भेवाडावं म्हणलं, एकदा तरी गप बसंल. तो अजून हसला." त्यांनी खणावरच्या पिस्तुलाकडं पाहिलं नाही. "बोट न्हवतं लावलं. ते खरं हाय. पण घोडा म्या ओढला व्हता, मनकर्णा."